मनातलं की मुद्द्याचं

सुचिताच्या ब्लॉगला दोन कप्पे होते. एकाचं नाव 'मनातलं', दुसऱ्याचं 'मुद्द्याचं'. नवा लेख टाकायचा म्हटलं की आधी ठरवावं लागायचं, हा कुठला? दोन्हीत टाकायची सोय तिनेच ठेवली नव्हती. माणसाला शिस्त हवी, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आठवणी एकीकडे, विचार एकीकडे. शिस्त कसली डोंबलाची! वाचकांनी वर्षभरातच निकाल लावून टाकला.

'मनातलं'मध्ये तिने आईच्या जवळ्याच्या चटणीवर लिहिलं की दिवसभर फोन वाजत राहायचा. ताई, डोळ्यांत पाणी आलं. ताई, आमची आजी आठवली. गावाच्या ग्रुपवर, सासरच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर तेच फिरत राहायचं. आणि 'मुद्द्याचं'मध्ये? तिथे ती खाडीतल्या भरावावर लिहायची, गावठाणातल्या घरांना येणाऱ्या नोटिसांवर लिहायची, चार-चार रविवार कागद गोळा करून, जीव ओतून लिहायची. ते वाचायला कोण, तर तिच्या ऑफिसातली संघप्रिया आणि एक रिटायर्ड गृहस्थ, ज्यांना प्रत्येक लेख लांबला असं वाटायचं.

ऑफिस म्हणजे बेलापूरचं, सरकारी. घर सीवूड्सला, टॉवरमध्ये. नवरा दिपेश स्वभावाने बरा, पण बायकोचा ब्लॉग त्याच्या लेखी मासे पाळण्यासारखा छंद, पाणी बदललं की झालं. आणि माहेर पामबीच रोडच्या पलीकडच्या गावठाणात, चालत गेलं तरी पोचता येईल इतकं जवळ. तिथे आई पुतळाबाई, मोठा भाऊ धनेश, त्याची बायको राजलक्ष्मी, आणि गेल्या पावसाळ्यापासून धाकटी मनस्वीसुद्धा. मनस्वीच्या नवऱ्याने दुसरा संसार थाटला होता. ती लेकीचा हात धरून माहेरी आली आणि वरच्या मजल्यावर, धनेशच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि डेकोरेशनचं सामान ठेवलेल्या खोलीत राहिली. सामान तिथेच होतं. त्यातल्या त्यात जागा करून मायलेकी झोपायच्या.

एका शनिवारी मनस्वी सीवूड्सला आली. चहा घेतला नाही, सरळ मुद्द्यावर आली.

"ताई, प्लॉटचं झालंय. दादाने बिल्डर बघितलाय."

प्लॉट म्हणजे साडेबारा टक्क्यांचा. हे शहर वसवायला सरकारने गावोगावच्या जमिनी घेतल्या, त्याबदल्यात शेतकऱ्याला जमिनीच्या साडेबारा टक्के तयार प्लॉट मिळायचा. मिळायचा म्हणजे मागणारा म्हातारा होईपर्यंत. त्यांच्या वडिलांनी, हिरामणने, आयुष्यभर खेटे घातले आणि ते गेल्यावर प्लॉट हातात आला, उलव्याला. आता त्यावर इमारत उठणार होती. त्याआधी बहिणींनी हक्कसोड करून द्यायची. कुणी सांगावं लागत नाही. आगऱ्यांच्या घरात बहिणी रजिस्टर ऑफिसात जातात, माझा यावर हक्क नाही असं लिहिलेल्या कागदावर सही करतात, भाऊ साडी घेतो, आणि माहेरचं दार उघडं राहतं. जी सही करत नाही तिच्यासाठी ते उघडं राहत नाही. तिच्या पोरांच्या लग्नाला मामा येत नाही. असल्या एक-दोघी गावात होत्या आणि त्यांची नावं बायका आवाज खाली करून घ्यायच्या.

"मला अर्धं नको, पाव नको," मनस्वी म्हणाली. "त्या बिल्डिंगमध्ये एक खोली-किचन माझ्या नावावर. बास. नवरा गेला ताई, उद्या आय गेली की मी कुठे जाणार? वयनी मला त्या बॅटऱ्यांच्यात किती दिवस ठेवील?"

"मग बोल ना दादाशी."

"मी बोलली की मी वाईट. नवऱ्याने टाकलेली, आता भावाचं खायला आली, असंच होणार." ती जरा पुढे सरकली. "तू लिही. ते तुझं मुद्द्याचं. कायद्याने बहिणीचा हक्क असतो, तरी सगळ्या सह्या का करतात, सगळं लिही. माझं नाव नको घालू. अख्खं गाव तुला वाचतं. चार बाया बोलायला लागल्या की दादा एक खोली देईल. तो वाईट नाय गं. त्याला लोक काय म्हणतील त्याची पडलेली असते."

यात खोट काढायला जागा नव्हती. मनस्वीने भाऊ बरोबर ओळखला होता. सुचिताच्या अंगात तर वारंच शिरलं. अहो, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी तिच्याकडे मुद्द्याचं मागायला आलं होतं! मनस्वी खाली उतरायच्या आत हिने लॅपटॉप उघडला. दोन दिवसांत लेख उभा राहिला. नाव दिलं 'बहिणींची सही'. कायदा काय सांगतो, गावात काय होतं, साडीच्या बदल्यात काय जातं, सगळं रोखठोक. ऑफिसात संघप्रियाला दाखवला. संघप्रिया मोजकं बोलणारी बाई. वाचून म्हणाली, "मॅडम, हा टाकाच. आजच टाका."

"उद्या टाकते," सुचिता म्हणाली. "एकदा हात फिरवते."

आणि हात फिरवायच्या आधी दारात धनेश उभा!

हातात पिशवी, पिशवीत खाडीतले खेकडे, चिंबोऱ्या. "बाय, अमावास्येच्या हायत, भरलेल्या. राजूला, तुझ्या वयनीला बोललो, आधी बायकडे देऊन येतो, मग आपल्याकडे." स्वयंपाकघरात जाऊन त्याने स्वतः नांग्या मोडून दिल्या, तिच्या हाताला लागतील म्हणून. लहानपणापासून तोच मोडून द्यायचा. जेवताना दिपेशला म्हणाला, "जावयबापू, आमची बाय मोठी लेखिका हाय हां. बिल्डरच्या सायबाला दाखवला मी ब्लॉग. बोलतो, तुमच्या घरात असं पण माणूस हाय?" सुचिता लाजली. लाजायचं काय कारण होतं, पण लाजली. निघताना तो चप्पल घालता घालता म्हणाला, "उद्या जरा रजा टाक. सहीचं उरकून घेऊ. तुझी झाली की मनूची."

रात्रभर तिने स्वतःला समजावलं. गाडीत दोघंच असू. मनूच्या खोलीचं तिथेच बोलते. भावाला भावासारखं सांगितलं तर लेखाची गरजच काय? आधीच लेख टाकला तर तो डिवचला जाईल, मग मनूलाच त्रास. बघा, माणूस आपल्या भित्रेपणाला किती शहाणी नावं देतो! सकाळी गाडीत धनेशने हळदीची जुनी गाणी लावली. मग म्हणाला, "तुला आठवतं, बाबा तुला खांद्यावर घेऊन खाजणाच्या चिखलातून न्यायचे, आन मी मागून तुझी चप्पल घेऊन चालायचो?" तिला आठवत होतं. ओठांपर्यंत आलेलं वाक्य तिने गिळलं. सही झाली. येताना त्याने तिला वाशीला नेऊन साडी घेतली, तिला आवडेल ती, किंमत न बघता. मग घरी आईने ओटी भरली. राजलक्ष्मीने वाकून नमस्कार केला. मनस्वी दारातून बघत होती.

संध्याकाळी सुचिता लॅपटॉपपुढे बसली. 'बहिणींची सही' तयार होता, बटण दाबायचं बाकी. पण आता तो कुणी लिहायचा? जिची शाई अजून ओली तिने? लोक हसतील. आणि साडी समोर पलंगावर पडलेली. तिने तो लेख बाजूला ठेवला. नवं पान घेतलं. त्यावर चिंबोऱ्या आल्या, खाजण आलं, बाबांचा खांदा आला, चप्पल घेऊन मागून चालणारा भाऊ आला. मग रजिस्टर ऑफिस आलं. तिथे तिने लिहिलं, 'सही करताना मी काहीच सोडलं नाही. मी माहेर घट्ट धरलं.' स्वतःच्याच वाक्यावर तिला हुंदका आला. शेवटी तिने एक ओळ घातली, 'ज्याने माझी चप्पल सांभाळली, तो माझ्या धाकटीलाही उन्हात ठेवणार नाही.' ही ओळ तिची युक्ती होती. धनेश वाचेल, विरघळेल, खोली देईल. कडू बोलून जे होणार नाही ते गोड बोलून होईल, आणि कुणाचं मनही दुखणार नाही. मोठी हुशार! लेखाचं नाव 'भावाच्या हातची चप्पल'. कप्पा, 'मनातलं'.

लेख असा फिरला, असा फिरला, की विचारू नका. तिच्या सगळ्या लेखांची बेरीज केली तरी इतकी माणसं आली नसतील. कुणीतरी ते 'माहेर घट्ट धरलं' वाक्य झेंडूच्या फुलांवर लावून चित्र केलं. ते चित्र उरणला गेलं, पनवेलला गेलं, अलिबागला गेलं. लोक सकाळी उठून एकमेकांना पाठवायला लागले. दिपेशनेसुद्धा स्टेटसला ठेवलं. मनस्वीचा मात्र फोन नाही, मेसेज नाही. सुचिताने मनाला सांगितलं, बिचारी कामात असेल.

ऑफिसात डबा खाताना संघप्रिया म्हणाली, "मॅडम, माझ्या शेजारी एक बाई आहेत, तुमच्यातल्याच. त्यांच्या भावाने त्यांना तुमचं ते झेंडूचं चित्र पाठवलंय. पुढच्या आठवड्यात सही आहे त्यांची."

"अगं, मी कुठे कुणाला सांगितलं की..."

"नाही ना. तुम्ही फक्त मनातलं लिहिलंत." संघप्रियाने डब्याचं झाकण लावलं. "तो दुसरा टाकणार होतात, त्याचं काय झालं?"

"टाकीन."

"बरं," संघप्रिया म्हणाली आणि हात धुवायला उठली. सुचिताला तिचा संतापच आला. हिला काय कळणार आमच्यातलं, असं ती मनात म्हणाली, आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली, कारण संघप्रियाला सगळं कळलं होतं.

रविवारी धनेशने घरी बोलावलं. जेवण होतं, दोन काका होते, त्यांच्या बायका होत्या. सुचिताला आशा होती, खोटं कशाला बोला. लेख वाचून भाऊ हलला असेल, चारचौघांत मनूच्या खोलीचं जाहीर करेल. ती वाशीची साडी नेसून गेली.

जेवणं उरकल्यावर धनेशने घसा खाकरला. "आपल्या बायने काय लिवलंय ते सगल्यांनी आयका." आणि त्याने फोन काढून लेख मोठ्याने वाचायला घेतला. वाचता वाचता त्याचा आवाज खरोखर कातर झाला. त्यात नाटक नव्हतं, हेच तर वाईट होतं. त्याला आपण खरंच तसा भाऊ वाटत होतो. आई डोळ्यांना पदर लावून बसली. एक काकू म्हणाली, "लेक असावी तर अशी." मग हळूहळू सगळ्या माना मनस्वीकडे वळल्या. बोलायची गरजच राहिली नव्हती. ती युक्तीची ओळ धनेशने वाचलीसुद्धा, पण तिच्यात मनूची खोली कुणालाच दिसली नाही. भाऊ बघून घेईल, मग हिचं सहीला अडलंय कुठे, एवढंच सगळ्यांना दिसलं.

"मने," आई म्हणाली, "आता तू पन मोकली हो बाय. दादूस हाय ना तुजा. त्यो काय तुला वाऱ्यावर सोरनार हाय?"

मनस्वी भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर लेक, चिऊ, झोपलेली. ती कुणाकडे न बघता सुचिताला म्हणाली, "ताई, शेवटचं परत वाच ना. दादाने घाईत वाचलं. तू वाच, तुझं हाय."

"मनू, असू दे आता."

"वाच ना. छान लिहिलंयस."

धनेशने फोन पुढे केला. सगळे बघत होते. सुचिता त्या क्षणी बोलू शकली असती. मनूला एक खोली द्या, असं चार शब्दांत म्हणता आलं असतं. त्याला ना लेख लागत होता ना ब्लॉग. फोन तिच्या हातात आला आणि ती वाचायला लागली. सही करताना मी काहीच सोडलं नाही. मी माहेर घट्ट धरलं. आवाज नीट लागला, थांबायचं तिथे थांबली. धाकटीच्या ओळीपाशी तिला वर बघवेना.

वाचून झालं. मनस्वीने लेकीच्या तोंडावरची माशी हाकलली. "उद्या किती वाजता यायचं, दादा?"

"शाब्बास!" काका म्हणाले. राजलक्ष्मी सगळ्यांसाठी चहा टाकायला उठली. धनेशने जवळ येऊन मनस्वीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती तशीच बसून राहिली.

सोमवारी सही झाली. मनस्वीलाही साडी मिळाली, सुचिताच्या साडीसारखीच, फक्त रंग वेगळा. तिचा फोटो धनेशने ग्रुपवर टाकला आणि त्याखाली सुचिताचंच वाक्य लिहिलं.

तो फोटो बघून सुचिताचं डोकं फिरलं. आता तरी! ती ऑफिसातून तडक घरी आली, 'बहिणींची सही' उघडला, कुठेही हात फिरवला नाही, 'मुद्द्याचं'मध्ये टाकून दिला. उलट वर दोन ओळी वाढवल्या, गेल्या आठवड्यात मी जे लिहिलं ते अर्धं खोटं होतं, आणि त्या खोट्यावर माझ्याच घरात एक सही घेतली गेली. बटण दाबल्यावर तिला इतकं हलकं वाटलं! आपण काहीतरी शौर्य केलंय असं वाटून तिने स्वतःसाठी कॉफी केली.

संघप्रियाने लेख वाचला. त्याखाली काही लिहिलं नाही. रिटायर्ड गृहस्थांना लेख या वेळीही लांबलेला वाटला. मग बाकीची मंडळी आली. ताई, हे तुम्हाला शोभत नाही. ताई, कुणाची नजर लागली? ताई, तुम्ही आपलं मनातलंच लिहा, ते तुम्हाला छान जमतं. धनेशकडून काहीच आलं नाही. घरच्या ग्रुपवरून मात्र तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनस्वीचा फोन आला. सुचिता आनंदाने उठून ऑफिसच्या जिन्यात गेली. बहीण काय म्हणेल याची तिने मनात तयारीही केली होती. उशीर झाला गं, माफ कर, असं काहीतरी आपण म्हणायचं, मग ती रडेल, मग आपण रडू.

"ताई, तो लेख काढ."

"काय?"

"काढ गं. आत्ता काढ." मनस्वी दबक्या आवाजात बोलत होती. मागे कुकरची शिट्टी झाली. "वयनी सकालपासून बोलत नाय. दादा जेवला नाय घरी. आयने मला चहा दिला तो पन लपवून. सगळे बोलतात, मीच तुला शिकवलं."

"पण मनू, ते खरं आहे. तूच तर म्हणालीस लिही म्हणून."

"मी कधी बोलली होती?" मनस्वी म्हणाली. "सहीच्या आधी बोलली होती. तवा माझ्या हातात सही होती ना ताई. आता काय हाय माझ्या हातात? आता मी त्याच्या घरात राहते. तू खरं लिहिशील, तुला तुझा टॉवर हाय. मला रात्री त्याच खोलीत जायचंय."

जिन्यावरून दोन शिपाई चहाचा ट्रे घेऊन वर गेले, त्यांना वाट द्यायला सुचिता भिंतीला चिकटून उभी राहिली.

"ऐक," मनस्वी म्हणाली, आता जरा मऊ आवाजात, लहान मुलाला समजावल्यासारखं. "परवा चिऊचा वाढदिवस हाय. दादाने केक सांगितलाय, दोन मजल्यांचा. लेख काढलास तरच आणेल तो. मी फोटो पाठवते तुला. त्याच्यावर लिही काहीतरी. मामा-भाचीचं. गोड. दादाला आवडतं तुझं तसलं. वाचून थोडा निवळेल तो."

"मनू..."

"तुला जमतं ताई ते," मनस्वी म्हणाली, आणि फोन ठेवला.

सुचिताने जिन्यातच उभं राहून लेख काढला. ते फार सोपं असतं, एक बटण दाबायचं, खात्री आहे का विचारतात, हो म्हणायचं.

वाढदिवसाच्या संध्याकाळी फोटो आला. चिऊच्या डोक्यावर कागदी मुकुट, शेजारी धनेश, त्याच्या हातात सुरी, सुरीवर चिऊचा हात. मनस्वी फोटोत नव्हती, तिने काढला होता. सुचिताने लॅपटॉप उघडला. कुठे टाकू, असं ब्लॉगने विचारलं. तिने 'मनातलं' निवडलं, नावाच्या जागी 'मामाच्या हातचा केक' लिहिलं, आणि बोटं कळफलकावर ठेवली. निदान आज तरी शब्द अडावेत असं तिला फार वाटत होतं. पण पहिलं वाक्य लगेच सुचलं, आणि ते चांगलं होतं.